फोमचा भुंगेरा

मे महिन्याच्या अखेरीस वळवाचे एक-दोन दमदार पाऊस झाले की आमच्या कोल्हापूर भागात तिन्हीसांजेला भुंगेरे निघतात. उसाच्या मुळ्या कुरतडणारी हुमणी ही यांचीच अळी. जमिनीतला कोष फोडून बाहेर पडलेले हे तपकिरी, टणक पाठीचे किडे कडुलिंबावर आणि बाभळीवर गोळा होतात आणि घरात दिवा लागला की खिडकीच्या जाळीवर टपाटप आदळतात. ऊसकरी शेतकरी त्यांना प्रकाश सापळे लावून मारतो, आणि ते योग्यच आहे. कागल तालुक्यात माझ्या मामांच्या शेततळ्यावर अशाच एका संध्याकाळी काही भुंगेरे पाण्यात पडताना मी पाहिले. प्रत्येकाभोवती क्षणभरात एक वर्तुळ उमटत होते आणि भुंगेरा नाहीसा होत होता. खाली चिलापी मासे होते. त्याआधी दोन वर्षे मी फोमचे फ्लाय, म्हणजे गळावरचे खोटे कीटक, बांधत होतो ते केवळ हिमाचलातल्या ट्राउट माशासाठी. घरापासून तासाभराच्या अंतरावर त्यांना गिऱ्हाईक आहे, हे त्या दिवशी लक्षात आले.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गळाच्या दांडीवर पिसे, दोरा, केस किंवा फोम बांधून जो खोटा कीटक तयार करतात, त्याला फ्लाय म्हणतात. त्यात गांडूळ नसते, कणकेचा गोळा नसतो. माशाला फसवायचे ते केवळ आकाराने आणि हालचालीने. पाण्यावर तरंगणारे फ्लाय पूर्वी कोंबड्याच्या मानेच्या ताठ पिसांवर तरंगत असत आणि ती पिसे भिजली की दर थोड्या वेळाने त्यांना मेणासारखे मलम चोळावे लागे. गेल्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या लेटॉर्ट या ओढ्यावर व्हिन्सेंट मरिनारो यांनी काठच्या गवतातून पाण्यात पडणाऱ्या तुडतुड्यांची नक्कल केली, तेव्हा त्यांनी गळावर आडवे बसवले ते ‘जंगल कॉक’चे पीस. हा जंगल कॉक म्हणजे आपला राखी रानकोंबडा. राधानगरी-दाजीपूरच्या जंगलात पहाटे ज्याचे आरवणे ऐकू येते, त्याच्या मानेवरची लाखेच्या थेंबासारखी चकाकणारी पिसे एके काळी साता समुद्रापार जाऊन फ्लायवर बांधली जात होती. आज वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ या कायद्याने हा पक्षी संरक्षित आहे, आणि सह्याद्रीच्या माणसाला त्याचा आनंदच वाटला पाहिजे. माझ्या पेटीत असे एकही पीस नाही, आणि फोममुळे त्याची उणीवही मला कधी भासलेली नाही.

फोम म्हणताना स्पंज डोळ्यांसमोर आणू नये. स्पंजाची छिद्रे एकमेकांना जोडलेली असतात, म्हणून तो पाणी पितो. आपल्याला हवा असतो तो ईव्हीए फोम, ज्याचा प्रत्येक कप्पा स्वतंत्रपणे बंद असतो आणि त्यात हवा कोंडलेली असते. असा फोम कितीही वेळ पाण्यात राहिला तरी वर येतो. शाळेच्या प्रकल्पांसाठी आणि गणपतीच्या सजावटीसाठी स्टेशनरीच्या दुकानात जी रंगीत फोम शीट मिळते, ती हीच. मी माझी महाद्वार रोडच्या परिसरातून घेतो. दोन मिलिमीटर जाडीची, चमकी न लावलेली शीट मागावी. ए-फोर आकाराच्या एका शीटमधून पाच मिलिमीटर रुंदीच्या बेचाळीस पट्ट्या निघतात आणि एका भुंगेऱ्याला तीन सेंटिमीटर पट्टी पुरते. म्हणजे एका शीटमध्ये साडेतीनशेहून अधिक भुंगेरे होतात. चिमटा आणि बारीक टोकाची कात्री मी गुजरीत घेतली, कारण सोनाराच्या हत्यारांइतकी नेमकी टोके दुसरीकडे मिळत नाहीत. गळ पकडून ठेवणारा शिकंजा शिवाजी उद्यमनगरातल्या एका लेथ कारागिराने मला करून दिला. त्याने गळ हातात घेऊन, नखाने टिचकी मारून पाहिला आणि मगच जबड्यांसाठी पोलाद निवडले. ज्या गावात ओतकाम आणि यंत्रकाम घरोघरी बोलले जाते, तिथे राहण्याचा हा लाभ आहे.

आता बांधणीकडे येतो. बारा क्रमांकाचा गळ घ्यावा. गळाच्या क्रमांकात आकडा जितका मोठा तितका गळ लहान, हे नवशिक्याने ध्यानात ठेवावे. शिकंज्यात बसवण्याआधी त्याचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करावा, म्हणजे मासा इजा न होता सोडता येतो आणि स्वतःच्या बोटात गळ रुतला तरी तो सहज निघतो. नंतर नेढ्यापासून, म्हणजे दोरी ओवायच्या भोकापासून, गळ जिथे वळतो त्या वाकापर्यंत दांडीवर दोऱ्याचे वेढे शेजारी शेजारी घालून अस्तर करावे आणि त्यावरून तिरके वेढे घेत परत यावे. हे अस्तर दिसत नाही, म्हणून अनेकजण ते टाळतात. पट्टीचे एक टोक निमुळते कापून ते वाकाजवळ, उरलेली पट्टी मागे लोंबत राहील अशा रीतीने बांधावे. त्याच जागी मोरपिसाचे तीन-चार तंतू बांधून, दोऱ्याला पीळ देत ते पुढे गुंडाळावेत; गळून पडलेल्या एका पिसातून वर्षभराची गरज भागते. या तंतूंची हिरवट-काळी, केसाळ झाक म्हणजे भुंगेऱ्याचे पोट, आणि मासा खालून पाहत असल्यामुळे त्याला दिसते ते मुख्यतः हेच. दांडीचा पुढचा चतुर्थांश मोकळा ठेवून थांबावे, अस्तरावर सुपरग्लूचा एकच थेंब द्यावा आणि मागची पट्टी पाठीवरून पुढे दुमडून आणावी.

इथे हात थांबवता आला पाहिजे. पट्टी ओढून ताणली की तिच्यातले हवेचे कप्पे चपटे होतात आणि भुंगेरा निम्मा बुडतो. तिला नुसती दुमडावी, पाठीला फुगीर राहू द्यावी. तिच्यावर दोऱ्याचे पहिले दोन वेढे अगदी सैल, नुसते टेकवावेत, आणि तिसऱ्या वेढ्याला दोरा सरळ खाली ओढून घट्ट करावा. पहिल्याच वेढ्याला जोर लावला तर दोरा सुरीसारखा फोममध्ये शिरतो. कडेला बारीक चीर उघडलेली दिसली की ती पट्टी काढून टाकावी, कारण ती पहिल्याच माशाला तुटणार असते. म्हणूनच इथे अतिशय बारीक दोरा वापरू नये. शिंप्याकडचा बारीकात बारीक पॉलिएस्टर दोरा या मापाला नेमका बसतो. दोन्ही बाजूंना बारीक रबरी धाग्याचा एकेक तुकडा बांधला की पाय होतात, डोक्यासाठी पट्टीचे दोन-तीन मिलिमीटर पुढे ठेवून उरलेले कापले आणि त्या डोक्याखाली दोऱ्याची गाठ मारली की भुंगेरा तयार. पाठीवर नारिंगी फोमचा तांदळाएवढा तुकडा मी आवर्जून लावतो. माशाला तो दिसत नाही. तो माझ्यासाठी असतो, कारण कातरवेळी काळसर पाण्यावर तपकिरी फोम डोळ्यांना सापडत नाही.

अस्तर आणि सुपरग्लू यांविषयी मी एवढा आग्रह धरतो, त्यामागे तीर्थन नदीवरची एक दुपार आहे. हिमाचलातल्या कुल्लू जिल्ह्यातली ही नदी ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानातून खाली येते आणि तिच्यात ट्राउट आहेत. ब्रिटिश काळात परदेशातून आणून सोडलेल्या या माशाने आता तिथे कायमचे घर केले आहे, आणि तो धरण्यासाठी मत्स्य विभागाचा परवाना लागतो. मी ऑक्टोबरात गेलो होतो. काठच्या वाळत चाललेल्या गवतातून नाकतोडे उडत होते आणि एका मोठ्या दगडामागच्या संथ पाण्यात एक ट्राउट ठरावीक अंतराने वर येत होता. माझा फ्लाय त्याच्या दोन हात वर पडला, वाहत आला, मासा वर आला, तोंड उघडले, मिटले. मी काठी उचलली आणि दोरी रिकामीच आली. दुसऱ्यांदाही तसेच झाले. तिसऱ्यांदा माशाने पुन्हा वर येण्याची तसदी घेतली नाही. फ्लाय हातात घेऊन पाहिला तेव्हा कारण समजले: फोमचे अख्खे अंग दांडीभोवती फिरून खाली आले होते आणि गळाचे टोक व दांडी यांच्यामधली फट त्याने पूर्ण भरून टाकली होती. टोकाला रुतायला जागाच उरली नव्हती. मी घाईत, उघड्या दांडीवर, सुपरग्लू न लावता बांधलेल्या बारा फ्लायपैकी तो एक होता, आणि उरलेले अकराही बोटाच्या एका धक्क्याने तसेच फिरत होते. त्या रात्री मुक्कामाच्या खोलीत विजेरीच्या उजेडात चार फ्लाय नव्याने बांधले. दुसऱ्या दिवशी त्यांतल्या एकावर वीतभराहून थोडा मोठा, अंगावर तांबडे ठिपके असलेला ब्राउन ट्राउट आला. त्याला पाण्यातच ठेवून गळ काढला आणि सोडून दिला.

त्या दिवसापासून पट्टीच्या रुंदीचे माझे माप ठरले आहे: गळाच्या फटीएवढी पट्टी, त्याहून रुंद नाही. जाडजूड भुंगेरा टेबलावर देखणा दिसतो, पण त्याच्या पोटाखाली फट उरत नाही.

चिलापीसाठी याच बांधणीत थोडा बदल करावा लागतो. अमेरिकेत ज्यांना पॅनफिश म्हणतात, म्हणजे अख्खे तव्यात मावतील असे ब्लूगिलसारखे मासे, त्यांचे तोंड लहान असते आणि ते फ्लाय गिळण्याआधी त्याचे निरीक्षण करतात. आपली चिलापी याबाबतीत त्यांच्यासारखीच आहे. १९५२ साली भारतात आणलेला हा आफ्रिकेतला मासा आता तळ्यातळ्यांत पसरला आहे. ब्लूगिलप्रमाणेच चिलापीचा नर उथळ पाण्यात ताटलीसारखा खळगा करतो, मात्र ब्लूगिलचा नर अंडी राखतो, तर चिलापीची मादी अंडी तोंडात घेऊन फिरते. अशा माशासाठी चौदा क्रमांकाचा गळ आणि काळ्या फोमचा मुंगळा सर्वांत चांगला. अरुंद पट्टी दांडीच्या मधोमध बांधून दोन्ही बाजूंना दोन फुगवटे सोडले की तो होतो; बांधायला पाच मिनिटेही लागत नाहीत. तो पाण्यावर पडला की त्याने उठवलेली वर्तुळे विरेपर्यंत काहीही हालवू नये. त्यानंतर दोरी बोटभर ओढावी, रबराचे पाय थरथरतात, आणि बहुधा त्याच क्षणी चिलापी घेते. शेततळे घरचे असल्यामुळे मला कोणाला विचारावे लागत नाही. गावतळ्यात आणि धरणात मासेमारीचा ठेका बहुधा संस्थेकडे असतो, तिथे आधी परवानगी घ्यावी.

गेल्या जूनमध्ये मामांनी माझ्या पेटीतला एक तपकिरी भुंगेरा उचलला, तळहातावर उलटा केला, पुन्हा सुलटा केला आणि म्हणाले, “आरं, ह्यो तर आपल्या उसातलाच हाय की!” मग चष्मा काढून त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला आणि पाय मोजले. चार भरले. “दोन कमी हाईत,” असे सांगून त्यांनी तो परत ठेवला. माशाला चार पाय पुरतात हे मला अनुभवाने ठाऊक आहे, तरी आता मामांच्या तळ्यासाठी बांधताना मी दोन्ही बाजूंना तीन-तीन पाय बांधतो.

नाकतोडा मात्र मला अजून मनासारखा जमलेला नाही. पिवळसर फोमच्या दोन पट्ट्या एकमेकींवर चिकटवून अंग चांगले होते आणि ते तरंगतेही उत्तम. अडते ते मागच्या पायांपाशी. रबराला गाठ मारून गुडघा केला की पाय हवेत वळतो आणि फ्लाय पाण्यावर कुशीवर पडतो. या पावसाळ्यात गुडघ्याची गाठ वाकाच्या थोडी पुढे घेऊन आणि पाय एक सेंटिमीटरने आखूड करून पाहणार आहे. पिवळ्या पट्ट्या कापून ठेवल्या आहेत.