नाव नाशिकचं, पाणी पवनीचं

माझं माहेर भंडारा जिल्ह्यातलं पवनी, वैनगंगेच्या काठावरचं. सासर नाशिक. लग्नाला पंधरा वर्षं झाली आणि तेवढीच वर्षं मी ‘आमची गंगा’ ऐकतेय. जुन्या नाशिककराच्या तोंडी गोदावरी क्वचितच येते. ‘गंगेवर जाऊन येतो’, ‘गंगेला पूर आलाय’, असंच चालतं. मे महिन्यात रामकुंडापाशी त्या गंगेची काय अवस्था असते, ते मी इथे लिहिणार नाही. मला त्याच घरात राहायचंय.

नाताळच्या सुट्टीत सासूबाईंना गोदावरीचं दुसरं टोक दाखवायचं ठरलं, तेव्हा मी मनातल्या मनात पूर्ण तयारी करून निघाले होते. नगरसूलला शिर्डी–काकीनाडा गाडी पकडली. डबाभर साईबाबांचं दर्शन घेऊन परतणारी तेलुगू कुटुंबं. आम्ही उलटे प्रवासी. आंध्रात राजमंड्रीला उतरलो, मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता गाडी करून कोनसीमेकडे, म्हणजे नदीच्या मुखाजवळच्या मुलखाकडे निघालो.

ड्रायव्हर मोडक्या हिंदीत बोलणारा, दोनदा शिर्डीला जाऊन आलेला, त्यामुळे आई म्हणजे लगेच त्याच्या ‘अम्मा’. गोदावरीकाठची माणसं फार अदबशीर. प्रत्येक वाक्याच्या शेपटाला आदरार्थी ‘अंडी’ लावतात. धाकट्याने पाच मिनिटांत विचारलं, “हे काका सारखी अंडी का मागतायत?” (‘या, बसा’ मधल्या ‘या’साठी जो शब्द आहे तो ऐकून तर सासूबाईंनी थोरलीचे कानच झाकले. तो शब्द मराठीत लिहिण्यासारखा नाही.)

शहर संपता संपता धवळेश्वरमचं बॅरेज लागतं. इथे सर आर्थर कॉटनने १८४७ ते १८५२ या काळात पहिला बंधारा बांधला. त्याआधी या मुलखात दुष्काळ आणि पूर आलटून पालटून माणसं मारत होते. बंधाऱ्यातून कालवे निघाले आणि सगळा प्रदेश भाताचं कोठार झाला. इंग्रज अधिकाऱ्याचे पुतळे इतक्या प्रेमाने उभारलेले मी दुसरीकडे पाहिले नाहीत. इकडे त्याला भगीरथच मानतात. आताचं बॅरेज नंतरचं आहे, त्यावरूनच रस्ता जातो. एक भाग संपला की मध्ये बेट, मग पुन्हा पाणी, पुन्हा बेट. सासूबाई काच खाली करून बघत होत्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, “एवढी?”

मी याच क्षणाची वाट बघत होते.

“आई, हे नाशिकचं पाणी नाही बरं का. तुमचं पाणी गंगापूर धरणात अडतं. त्यातून सुटलेलं पैठणला नाथसागरात. नदी एवढी होते ती पार सिरोंच्याजवळ प्राणहिता येऊन मिळाल्यावर. आणि प्राणहिता म्हणजे वर्धा आणि आमची वैनगंगा. गोदावरीला मिळणारी सगळ्यांत मोठी नदी. पुढे इंद्रावती, मग शबरी. त्र्यंबकपासून समुद्रापर्यंत १४६५ किलोमीटर, त्यात नाव तेवढं तुमचं. पाणी आमचं.”

(गोसेखुर्दचं धरण पवनीच्याच जवळ आहे, आमचंही पाणी अडतं, हे मी सोयीस्कर गाळलं.)

सासूबाईंनी शांतपणे काच वर केली. “नदी मिळाली की नाव सासरचंच लागतं,” म्हणाल्या.

नवरा खिडकीबाहेर बघत हसत होता. मला बराच वेळ काही सुचलं नाही.

बॅरेजखाली नदी फाटते. डावीकडची गौतमी, उजवीकडची वसिष्ठा, आणि वसिष्ठेतून पुढे वैनतेया. पुराणात सात ऋषींच्या नावाचे सात फाटे आहेत. गौतमी आणि वसिष्ठा यांच्यामधला त्रिकोण म्हणजे कोनसीमा. गौतम ऋषींची आणि गायीची आमच्या त्र्यंबकची गोष्ट इथेही आहे, राजमंड्रीच्या पलीकडच्या काठावर कोव्वूरला गोष्पाद क्षेत्रच आहे. “गाय एक आणि जागा दोन?” हे काही सासूबाईंना पटलं नाही.

बॅरेज ओलांडलं की रस्ता कालव्याच्या काठाने जातो. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला नारळ, नारळाखाली केळी. भाताची कापणी होऊन गेली होती, पेंढ्याच्या गंजी उभ्या होत्या. बेटाला इकडे लंका म्हणतात, त्यामुळे गावांची नावं अमुकलंका, तमुकलंका. शहाळ्याला ‘कोब्बरी बोंडं’. कोब्बरी म्हणजे आपलं खोबरंच, हे सगळ्यांत आधी थोरलीच्या लक्षात आलं.

आत्रेयपुरमला थांबलोच पाहिजे. पुतरेकुलु ही मिठाई इथलीच. एका घराच्या पडवीत बाई बसली होती. चुलीवर पालथं मडकं, खाली नारळाच्या झावळ्यांचा जाळ. तांदळाच्या पातळ पिठात फडकं बुडवायचं, मडक्यावरून एकदा ओढायचं, आणि क्षणात कागदाहून पातळ पापुद्रा सुटतो. मग त्यात तूप आणि पिठीसाखर किंवा गूळ घालून घडी. सासूबाई खापरावरचे मांडे करणाऱ्या घरातल्या. माझ्या माहेरी मटक्यावरच्या लांब पोळ्या. आम्ही दोघी त्या चुलीपाशी अर्धा तास उकिडव्या बसलो, भाषा कुणालाच येत नसताना. बाईने सासूबाईंच्या हातात फडकं दिलं. पहिला पापुद्रा फाटला. दुसराही. तिसरा निघाला तेव्हा बाई खळखळून हसली आणि आईंचा चेहरा दहावीला बोर्डात आल्यासारखा झाला. मी प्रयत्न केला नाही. तेवढी अक्कल आहे.

पुढचा प्रवास भरभर. पी. गन्नावरमला वैनतेयेच्या वरून कालवा नेलाय, नदीवर नदी, ते मुलांना फार आवडलं. राजोलच्या पुढे नारळ विरळ होतात आणि कोळंबीची तळी सुरू होतात, पाण्यात चक्रं फिरत असतात. जेवताना ड्रायव्हरने पुलस माशाचं सांगितलं. समुद्रातला हिलसा पुराच्या दिवसांत नदीत वर चढला की त्याचा पुलस होतो, आणि मंगळसूत्र विकूनही तो खावा अशी इकडची म्हण. डिसेंबरात तो मिळत नाही. सासूबाई माळकरी. “मंगळसूत्र विकून मासा!” एवढंच दोनदा म्हणाल्या, आणि भातावर ताक वाढून घेतलं.

अंतर्वेदीला लक्ष्मीनरसिंहाचं दर्शन पटकन झालं. तिथून पुढे वाळूतून चालत ‘अन्ना-चेल्लेळ्ल गट्टू’, म्हणजे भाऊ-बहिणीचा बांध. वसिष्ठा समुद्राला मिळते ती इथे. मी घाट, पायऱ्या, निदान पाटी तरी असेल असं धरून चालले होते. नुसती वाळू. डावीकडून लाटा, उजवीकडून गढूळ संथ पाणी, मध्ये फेसाची एक हलती रेघ. नदी नेमकी कुठे संपली, ते बोट ठेवून दाखवता येत नव्हतं.

सासूबाई चपला हातात घेऊन घोटाभर पाण्यात उभ्या राहिल्या. हात जोडले. मीही जोडले, कुणाला ते सांगितलं नाही.

धाकट्याने ओंजळ भरून तोंडात घातली आणि थुंकला. “आजी, खारट!”

सासूबाईंनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं.

“मग हे तुझ्या आईच्या माहेरचं,” त्या म्हणाल्या.