सोलापूरच्या उन्हात बबल टिप ॲनिमोन, मे महिन्याचा अपडेट

मंडळी, माझ्या खाऱ्या पाण्याच्या टँकमधल्या बबल टिप ॲनिमोनचा (फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी) अपडेट द्यायच्या आधी एका प्रश्नाचं उत्तर देतो, टँकमध्ये जायंट क्लॅम (मोठा समुद्री शिंपला) का ठेवत नाही असं बऱ्याच जणांनी विचारलंय. त्याच्या मॅक्सिमा आणि स्क्वामोसा या दोन्ही जाती वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये येतात, स्टोनी कोरल म्हणजे दगडी प्रवाळपण येतात, त्यामुळे कुणी "आणून देतो" म्हणालं तरी घेऊ नका. ॲनिमोनसुद्धा क्लॅमसारखाच अंगात शैवाल बाळगतो आणि लाईटवर ते शैवाल जे अन्न बनवतं त्यावर जगतो, आणि माझा सगळा जीव सध्या त्याच्यातच आहे.

आता गरमी. बाहेर पारा ४२-४३, दुपारी खोलीत ३५ च्या आसपास, आणि ॲनिमोनला पाणी पाहिजे २५-२६. पाणी बरेच दिवस ३० च्या वर राहिलं की अंगातलं शैवाल निघून जातं, ॲनिमोन पांढरा पडतो आणि उपाशी राहायला लागतो. सगळे चिलर (पाणी थंड करायचं मशीन) घ्या म्हणतात, पण माझं मत असं की सोलापूरच्या कोरड्या हवेत आधी फॅन लावून बघा. टँकचं झाकण काढून जाळी टाकली (मासे उडी मारतात म्हणून) आणि दोन छोटे फॅन तिरके लावले, पाण्याच्या पृष्ठभागावर वारा लागेल असे. एक लिटर पाणी उडून जाताना जेवढी उष्णता घेऊन जातं ना, तेवढ्यात शंभर लिटर पाणी साडेपाच डिग्रीच्या आसपास थंड होऊ शकतं. मुंबईच्या दमट हवेत हेच फॅन एवढं काम करत नाहीत. माझा टँक या महिन्यात २८ च्या वर गेला नाही, रंग टिकलाय, टेंटॅकल (बोटांसारखे सोंड) फुगलेले आहेत.

पण खरी काळजी इथूनच सुरू होते, कारण पाणी उडतं आणि मीठ टँकमध्येच राहतं. २०० लिटरच्या टँकमधून दिवसाला सहा लिटर गेलं तर सॅलिनिटी (पाण्यातलं मिठाचं प्रमाण, हजारी भागात) ३५ ची ३६ होते, दुसऱ्या दिवशी अजून वर, आणि ॲनिमोनला असला चढउतार अजिबात सोसत नाही. म्हणून उडालेलं पाणी आपोआप भरून काढणारा ऑटो टॉप-अप लावलाय, त्यात फक्त आरओ-डीआयचं (क्षार पूर्ण काढलेलं) पाणी, मिठाचं नाही. आपल्याकडचं बोअरचं पाणी किती जड असतं ते अंघोळीच्या बादलीवरचा पांढरा थर बघितला की कळतं, ते टँकमध्ये थेंबभरसुद्धा नको. नळाला पाणी रोज येत नाही त्यामुळे येईल त्या दिवशी आरओ चालवून फूड ग्रेड ड्रम भरून ठेवायचा, टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) शून्य आला की नाही ते बघूनच. लाईट गेली तर वेव्हमेकर (टँकमधलं पाणी खेळवणारा पंखा-पंप) इन्व्हर्टरवर आहे, फॅनपण.

सोबत्यांचं म्हणाल तर ओसेलॅरिस क्लाऊन माशांची जोडी ॲनिमोनमध्ये छान बसलीये. निसर्गात हे बबल टिपमध्ये राहत नाहीत, टँकमध्ये मात्र स्वीकारतात. त्यांच्या अंगातून निघणारा अमोनिया शैवालाच्या कामी येतो आणि हे दोघं सतत हलत राहतात म्हणून टेंटॅकलमध्ये ताजं पाणी खेळतं. मादी जाम रागीट आहे, काच पुसताना हाताला चावते, मला तर ते बघायलाच भारी वाटतं! त्रास क्लीनर श्रिंपचा (माशांचं अंग साफ करणारी कोळंबीची जात), ॲनिमोनच्या तोंडातला कोळंबीचा तुकडा सरळ ओढून नेतो, म्हणून आधी त्याला लांबच्या कोपऱ्यात खायला देतो आणि मग चिमट्याने ॲनिमोनला, तुकडा छोटाच, मोठा दिला तर नंतर ओकून टाकतो. बटरफ्लाय फिश कितीही आवडला तरी आणू नका, ॲनिमोन कुरतडतात. आणि वेव्हमेकरला जाळी पाहिजेच पाहिजे, कारण जागा आवडली नाही की ॲनिमोन चालायला लागतो, आणि वेव्हमेकरच्या पंख्यात अडकला तर चिंधड्या होऊन पूर्ण टँक खराब होतो.

पावसाळा लागला की हवा दमट होईल, फॅनचा जोर कमी पडेल, पण तोवर खोलीचं तापमानपण उतरलेलं असेल, तेव्हाचं रीडिंग टाकतो. ॲनिमोन फुटून दोन झाले तर एक सोलापुरातच द्यायचा विचार आहे, ज्यांचा टँक मुरलेला (बरेच महिने स्थिर चाललेला) आहे आणि पाण्यातलं नायट्रेट (घाणीतून साठणारा क्षार) आटोक्यात आहे त्यांनी आत्ताच सांगून ठेवा.