काय बे

इटलीहून आलेल्या जोडप्यानं तीन महिने ॲपवर हिंदी शिकून घेतलं होतं. भेटीच्या खोलीत आईनं गुडघ्यावर बसून नीट उच्चार करत विचारलं, "पानी चाहिए?" सात वर्षांच्या मुलीनं आधी तिच्याकडं आणि मग आमच्या मावशींकडं पाहिलं. "ही काय म्हणती? मला न्हाई कळत."

मुलगी सोलापूरची. दीड वर्षापूर्वी आमच्याकडं, पुण्याच्या दत्तक संस्थेत आली. परदेशी दत्तकात हा घोळ नेहमीचाच. पालक 'भारता'ची तयारी करून येतात. होळीचे रंग, योग, पनीर सगळं ठाऊक असतं. मूल मात्र एका जिल्ह्यातलं, एका बोलीतलं असतं. शेंगाचटणी आणि कडक भाकरी खाल्लेलं, जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज पाहिलेलं.

हिंदीचा कागद बाजूला ठेवून पालकांना पाचच गोष्टी घोकायला दिल्या: भूक लागली, शू आली, दुखतंय, भीती वाटती, नको. या बोलायला नाही, ओळखायला शिकायच्या. रात्री दोन वाजता मूल रडत उठतं तेव्हा ते आपल्या भाषेत उठतं. मावशींच्या आवाजात वीस मिनिटांचं रेकॉर्डिंगही दिलं. घरात बोलणारं कुणी नसलं की या वयात मराठी काही महिन्यांत विरते. रेकॉर्डिंगनं ती टिकत नाही, पण कानाला परकी होत नाही.

मुलाबरोबर त्याची इथली गोधडी जाते. तिच्याबद्दल मी दरवेळी बजावते: धुवायची नाही. एका जुन्या केसमध्ये पालकांनी पहिल्याच रात्री ती मशीनमध्ये टाकली. वास गेला आणि पोर चार रात्री झोपलं नाही. किमान तीन महिने हात लावू नका, वास तुम्हाला आवडला नाही तरी.

दुपारी मुलगी आईच्या मांडीजवळ सरकली. आईच्या हातावर तांबूस ठिपके होते. मुलीनं बोट ओलं करून ते घासले आणि विचारलं, "कांजण्या झाल्यात का हिला?" मग आपला हात शेजारी धरून, "माझा काळा हाय."

दुभाषी बाई अवघडल्या. मी म्हटलं, जसंच्या तसं सांगा. आई हसली. वडील मात्र घाईनं म्हणाले, "आमच्यासाठी रंग महत्त्वाचा नाही." तिथं मला थांबवावं लागलं. मुलीला रंग दिसलाय आणि तिनं तो मोठ्यानं सांगितलाय. 'नाही' म्हटलं की ती इतकंच शिकते, की या घरात हा विषय काढायचा नसतो. मग शाळेत कुणी काही बोललं तरी ते घरी येणार नाही. "हो, तुझा गडद, माझा ठिपक्यांचा" एवढं उत्तर पुरतं. आईनं तसं म्हटल्यावर मुलगी ठिपके मोजायला लागली. चाळीसच्या पुढं तिचे आकडे घसरले.

त्यांचं गाव पो नदीच्या खोऱ्यात. तिथं गोठ्यांवर काम करणारी पंजाबी कुटुंबं बरीच आहेत. "पण ते मराठी नाहीत," वडील म्हणाले. नसू देत. वर्गात, दुकानात, दवाखान्यात आपल्यासारखा चेहरा दिसणं ही वेगळी गरज आहे आणि ती पंजाबी शेजारीही भागवतो.

केसांचं पटकन उरकलं. रोज शाम्पू नको. खोबरेल 24 अंशांखाली थिजतं, ते खराब झालेलं नसतं, बाटली कोमट पाण्यात धरायची.

जीवनपुस्तिकेला, म्हणजे मुलाच्या आधीच्या आयुष्याच्या वहीला, मात्र दोन तास गेले. संस्थेचं दार, तिची कॉट, मावशी, सोलापूर स्टेशन यांचे फोटो. कागदपत्रांच्या प्रतीच, मूळ कागद वेगळे. 'आईनं टाकलं' हे लिहायचं नाही हे सगळ्यांनाच कळतं. 'तुझ्यावर फार प्रेम होतं म्हणून दिलं' हेही लिहायचं नाही, हे पटायला वेळ लागतो. ते वाचून मूल हिशोब मांडतं: हेही माझ्यावर प्रेम करतात, म्हणजे हेही देतील. त्यापेक्षा कोणत्या तारखेला, कुठं, कुणाबरोबर आली, तेवढं लिहावं. जे माहीत नाही तिथं कोरं पान सोडावं. अठराव्या वर्षानंतर ती स्वतः मुळांच्या शोधासाठी अर्ज करू शकते, तेव्हा आपण रचलेली गोष्ट तिच्या आड येऊ नये.

नियमानुसार पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी अहवाल येतो. पहिल्यात उंची, वजन, शाळा सगळं ठीक होतं. गोधडी न धुतलेली. शेवटी वडिलांची एक शंका: ती रोज सकाळी मला 'काय बे' म्हणते, याचा अर्थ बाबा असा होतो का?

आमच्या यादीत तो शब्दच नव्हता. हिंदीवरून त्यांना बोल लावणारी मी, माझी यादीही पुण्याचीच निघाली. सोलापूरच्या एका सहकाऱ्याला फोन लावला आणि नवी यादी करायला बसले. पहिली नोंद: 'बे' — सोलापुरी, दोस्तीतलं, अर्थ बाबा नव्हे, थांबवू नये.