तुम्ही विचारलंत म्हणून: नाइसचं वय एका आकड्यात का सांगत नाही

‘सर, ह्यो दगड किती वर्षांचा?’ असं कोणी विचारलं आणि मी ‘त्यातल्या कशाचं वय हवंय?’ असं उलट विचारलं, की समोरचा वैतागतो. मग ठरलेलं वाक्य येतं: ‘मागच्या खेपेला 300 कोटी म्हणालासा, आता 250. एकच काय ते ठरवा की!’ शिरोलीच्या फाउंड्रीवाल्यांपासून फरशीच्या दुकानदारांपर्यंत सगळ्यांचं हे ऐकवून झालंय. तर एकदाच सविस्तर सांगतो. आकडा मी बदललेला नाही. दोन्ही आकडे एकाच दगडाचे आहेत, आणि तुमच्या सोयीसाठी त्यातला एक खोडायला मी तयार नाही.

नाइस म्हणजे खोलवर ताप आणि दाब सोसून पालटलेला पट्टेदार खडक, आणि मी बोलतो तो कर्नाटकातल्या द्वीपकल्पीय नाइसबद्दल. हे नाव म्हैसूरच्या भूविज्ञान खात्यातल्या डब्ल्यू. एफ. स्मीथ यांनी 1916 साली दिलं. बेंगळुरूच्या लालबागेतला कातळ त्याचाच, हासनजवळच्या गोरूरचा त्याचाच, आणि घाट उतरून सावंतवाडीच्या अंगाला गेलं की जांभ्याखालून डोकावतो तोही त्याच कुळातला. आपला काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, त्याच्यावर फार उशिरा पसरला, 6.6 कोटी वर्षांपूर्वी. ‘कोल्हापुरात बसून नाइसची उठाठेव कशाला’ असंही विचारणारे आहेत. कोयनेच्या भूकंपांचा अभ्यास करायला गोठण्याजवळ 3 किलोमीटर खोल भोक घेतलं, तेव्हा 1,247 मीटर बेसाल्ट संपल्यावर थेट ग्रॅनाइटी नाइसच लागला. मधे गाळाचा थरसुद्धा नव्हता. किल्लारीला बेसाल्टची जाडी 338 मीटरच भरली, त्याखाली थोडा गाळ आणि मग पुन्हा तोच जुना पाया. कोयनेला जमीन हलते ती मुख्यतः या पायातल्या भेगांवर. तेव्हा आपला संबंध नाही, हे काही मला मान्य नाही.

वयाचा घोळ खरं तर फाउंड्रीवाल्यांना सगळ्यात आधी कळायला हवा. कास्टिंग एका तारखेला ओतलं, नंतर कधीतरी भट्टीत घालून ॲनील केलं. आतले ताण गेले, कणांची घडण नव्याने जुळली. मग त्याची तारीख कोणती, ओतल्याची की भट्टीतून काढल्याची? तुम्ही रजिस्टरला दोन्ही लिहिता. नाइसचं रजिस्टर कोणी ठेवलं नाही. ज्या खनिजाला जी नोंद जपता आली ती त्याने जपली. काळ्या अभ्रकात, म्हणजे बायोटाइटमध्ये, पोटॅशियमपासून झालेला आर्गॉन सुमारे 300 अंशांच्या वर टिकत नाही, निसटून जातो. हॉर्नब्लेंड या दुसऱ्या गडद खनिजात तो 500 अंशांच्या आसपासपर्यंत तग धरतो. झिर्कॉन या चिवट खनिजातलं शिसं 900 अंशांपर्यंतही सहसा हलत नाही. त्यामुळे एकाच हातोडीच्या घावात निघालेल्या तुकड्यातलं अभ्रक एक वय सांगतं, हॉर्नब्लेंड दुसरं, झिर्कॉन तिसरं. अभ्रक सांगतं ते दगड 300 अंशांखाली निवला तेव्हाचं. त्यालाच कोणी ‘दगडाचं वय’ म्हणून छापलं, तर तो दोष अभ्रकाचा नव्हे.

झिर्कॉन गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीवाल्यांना नवा नाही. मोठ्या कास्टिंगच्या साच्याला झिर्कॉनचा लेप देतात, तोच हा. तापलेल्या धातूला दाद देत नाही म्हणून तुम्ही तो वापरता, तापलेल्या डोंगराला दाद देत नाही म्हणून आम्ही. स्फटिक घडताना तो युरेनियम आत घेतो, शिसं जवळजवळ घेतच नाही. म्हणजे आत सापडणारं शिसं बहुतेक सगळं युरेनियमचंच झालेलं. युरेनियम 238 चं अर्धायुष्य 447 कोटी वर्षं, 235 चं 70.4 कोटी. 300 कोटी वर्षांत पहिल्यातला साधारण 37 टक्के भाग संपतो, दुसऱ्यातला 95 टक्के. एकाच कणात दोन स्वतंत्र हिशोब मिळतात, आणि दोन्ही जुळले तरच विश्वास ठेवायचा.

काम बिघडतं ते मात्र प्रयोगशाळेच्या आधी, खाणीतच. नाइसमध्ये करडे पट्टे असतात, पांढरे असतात, मधूनच जाड कणांच्या गुलाबी पेग्मटाइट खडकाची शीर आडवी जाते. हे तिन्ही एका वेळचे असतीलच असं नाही. घण घालून सगळं एका पोत्यात भरलं तरी प्रयोगशाळा आकडा देईलच, पण तो तिघांपैकी कोणाचाच नसेल. पट्टे वेगळे करून प्रत्येकाचा 5 ते 10 किलो ताजा दगड घ्यायचा. फेल्स्पार हे फिकट खनिज भुसभुशीत झालेलं नको, अभ्रकाभोवती तांबूस डाग नकोत. मग जॉ क्रशर, दळण, पाव मिलिमीटरची चाळण, पाण्यावर धुऊन हलका भुगा काढणं, चुंबकाने लोहयुक्त कण काढणं, आणि मग ब्रोमोफॉर्म हा जड द्रव. त्याची घनता 2.89, क्वॉर्ट्झची 2.65, क्वॉर्ट्झ आणि फेल्स्पार तरंगतात, झिर्कॉन 4.6 चा, तो तळाला जातो. त्यानंतर 3.3 घनतेचं मिथिलीन आयोडाइड. ही दोन्ही द्रवं विषारी आहेत, हवा खेचणाऱ्या कपाटाबाहेर बाटली उघडायची नाही. शेवटी सूक्ष्मदर्शकाखाली सुईने एकेक कण वेचायचा. दोन नमुन्यांच्या मधे क्रशरचे जबडे आणि चाळण्या नीट साफ केल्या नाहीत, तर मागच्या दगडाचे दोन-चार झिर्कॉन या दगडात येतात, आणि मग त्या दोन-चार कणांवर कोणीतरी शोधनिबंध लिहितं.

वेचलेले कण इपॉक्सीत बसवून निम्मे घासले की पोट उघडं पडतं. इलेक्ट्रॉनचा झोत टाकून त्यांचा उजेड पाहिला की मधे गाभा दिसतो, भोवती वलयं, आणि पुष्कळदा बाहेरून वेगळ्याच छटेची पातळ साल. गाभा मूळ शिलारस थिजला तेव्हाचा, साल नंतरच्या तापाची. वय मोजायला ज्या लेसरने कण खरवडतात त्याचा ठिपका 30 मायक्रॉनचा, साल अनेकदा 10-15 मायक्रॉनची. ठिपका अर्धा गाभ्यात आणि अर्धा सालीत पडला, की दोन वयांच्या मधला कुठलाही आकडा मिळतो.

हा मधला आकडा दिसायला फार गोड असतो. दोन्ही हिशोब जिथे जुळतात ती आलेखातली रेषा वक्र असते खरी, पण 250 ते 300 कोटींच्या टप्प्यात तिचा बाक अगदी थोडा. 300 कोटींच्या कणातलं काही शिसं 250 कोटी वर्षांपूर्वी निसटलं असेल, तर तो कण या दोन टोकांना जोडणाऱ्या सरळ रेषेवर पडतो, आणि ती रेषा वक्राला इतकी लगटून जाते की मोजमापाच्या मर्यादेत दोन्ही हिशोब जुळलेलेच वाटतात. उत्तर येतं 275 कोटी. 275 कोटी वर्षांपूर्वी त्या दगडात काहीही घडलेलं नसतं.

इथे तुमचा संशय रास्त आहे, आणि तो पुरता फेडता येत नाही. स्वच्छ पारदर्शक कण घ्यायचे, लालसर गढूळ टाकायचे, हा आमचा रिवाज. कारण गढूळ कणांत किरणोत्साराच्या माऱ्याने स्फटिकाची जाळी मोडलेली असते आणि शिसं गळतं. पण वेचतानाच तुम्ही उत्तर निवडता, असं कोणी म्हटलं तर मी काय सांगू? थोरियम-युरेनियमचं गुणोत्तर 0.1 च्या खाली गेलं तर साल रूपांतरणाची, म्हणजे ताप-दाबाने दगड पालटला तेव्हाची समजायची, हाही असाच एक ठोकताळा. फार तापलेल्या खडकांत तो पाळला जाईलच याची खात्री नाही.

आता कब्बाळदुर्ग. मला 250 कोटींचा आकडा सोडता येत नाही तो या एका जागेमुळे. बेंगळुरूच्या नैऋत्येला कनकपुऱ्याच्या तालुक्यात हा डोंगर आहे. तिथल्या खाणीत करड्या नाइसवर गडद हिरवट, तेलकट झाक असलेले डाग दिसतात, काही हातभर, काही त्याहून मोठे. हे डाग भेगा आणि घसरणीच्या कातरपट्ट्या धरून पसरलेत. करडा पट्टा सरळ डागात शिरतो, आत गेल्यावर पुसट होतो, कण जाड होतात, आणि पलीकडून तोच पट्टा पुन्हा करडा होऊन बाहेर पडतो. बाहेरून दुसरा खडक घुसला असता तर पट्टा तुटला असता. तो तुटलेला नाही. दगड जागच्या जागी पालटला आहे. हा हिरवट खडक म्हणजे चार्नोकाइट. कोलकात्यातल्या जॉब चार्नॉक या ईस्ट इंडिया कंपनीच्या माणसाच्या थडग्यावरच्या शिळेवरून भूवैज्ञानिक टी. एच. हॉलंड यांनी 1893 मध्ये हे नाव दिलं. (खडकाला थडग्याचं नाव, आणि तरी लोक आमचा विषय रुक्ष म्हणतात.) कब्बाळला चार्नोकाइट तयार होता होता थांबलेला आहे, हे भूवैज्ञानिक सी. एस. पिचमुथू यांनी 1960 मध्ये दाखवून दिलं.

काय पालटलं ते नेमकं सांगता येतं. बायोटाइट आणि क्वॉर्ट्झ एकमेकांशी भिडले, हायपरस्थीन (पाणी नसलेलं गडद खनिज) आणि पोटॅशियम फेल्स्पार तयार झाले, पाणी सुटलं. ताप 700 ते 750 अंशांचा, खोली 20 किलोमीटरच्या आसपास. अडचण अशी की एवढ्या तापात पाणी हाताशी असेल तर असला दगड कोरडा होत नाही, वितळायलाच लागतो. भरपूर पाणी मिळालं तर ग्रॅनाइटी दगडाला 650 अंशसुद्धा पुरतात. तेव्हा पाण्याचा जोर कोणीतरी मोडला असणार. क्वॉर्ट्झच्या कणांतल्या सूक्ष्म पोकळ्यांत कार्बन डायऑक्साइड सापडला आणि बोट त्याच्याकडे गेलं: खालून हा वायू भेगांतून वर आला, त्याने पाणी पातळ केलं, आणि जिथवर तो पोहोचला तिथवरच दगड कोरडा हिरवा झाला. डाग भेगा धरूनच का आहेत याचं उत्तर त्यात मिळतं, म्हणून ते आवडतं. पण त्या पोकळ्या दगड निवताना, नंतर भरल्या असल्या तर? शिवाय कार्बन डायऑक्साइड कणांच्या सीमांवरून सहज झिरपत नाही. म्हणून काही जणांनी तीव्र खारं पाणी पुढे केलं: मीठ इतकं की पाण्याचा जोर आपोआप पडतो, आणि ते झिरपतंही बरं. तिसरे म्हणतात, थोडासा भाग वितळला, त्या रसाने पाणी शोषलं आणि तो निघून गेला. खाणीच्या एकाच भिंतीसमोर उभं राहून तिघेही आपापला पुरावा दाखवू शकतात.

वयाबद्दल मात्र तिथे फारसा वाद नाही. करडा नाइस सुमारे 300 कोटींचा, हिरवं होणं सुमारे 250 कोटींचं. क्लोजपेट ग्रॅनाइट, रामनगरच्या टेकड्या ज्याच्या आहेत तो, याच सुमाराला वर आला. उत्तरेकडचा भाग त्या वेळी उथळ होता, दक्षिणेकडचा खोल. पुढे सगळा प्रदेश कलून झिजला. म्हणून आज दक्षिणेकडे जाताना रस्ता सपाट असला तरी खडकांच्या हिशोबाने माणूस खाली खाली उतरत असतो. कब्बाळच्या दक्षिणेला बिळिगिरीरंगन डोंगरांत पोहोचेपर्यंत चार्नोकाइटचे डाग उरत नाहीत, जवळपास सगळाच चार्नोकाइट होतो.

पूर्वी मी ठासून म्हणायचो की गाभ्याचा आकडा तोच दगडाचा, बाकीचं उपरं. आता म्हणतो, गाभा घडला तेव्हा तो दगड नाइस नव्हताच. टोनलाइट नावाचा ग्रॅनाइटसारखा खडक होता, पाणी मुरलेला बेसाल्ट खोलवर वितळून झालेला. पट्टे नंतर पडले, दाबाने आणि अर्धवट वितळण्याने. मग नाइसचं वय पट्ट्यांचं धरायला नको का? यावर तो जुना मी विचारतो, पट्टे एकदाच पडले काय? गोरूरचा नाइस 330-340 कोटींचा, त्याने किती घड्या सोसल्या? आणि ज्या गाभ्याचं तू वय काढतोस, तो आणखी जुन्या खडकातून तसाच वाहत आलेला नाही, हे कशावरून? याला माझ्याकडे दर वेळी वेगळं उत्तर असतं.

राहिला तुमचा ओटा. त्यातला ‘ब्लॅक ग्रॅनाइट’ बहुधा ग्रॅनाइट नसतो, नाइसही नसतो. तो डोलेराइट किंवा गॅब्रो असतो, दोन्ही शिलारस थिजून झालेले गडद खडक. इलकलचा लाल मात्र खरा ग्रॅनाइट. पॅराडिसो म्हणून जो जांभळट नागमोडी दगड विकतात, तो अर्धवट वितळलेला नाइस. बेंगळुरूच्या आसपासच्या डोलेराइटच्या काही डाइकचं, म्हणजे भेगांत थिजलेल्या भिंतीसारख्या शिरांचं, वय 237 कोटी निघालंय, आणि ते झिर्कॉनवरून नव्हे, बॅडेलेइट या खनिजावरून. त्याचे कण इतके बारीक आणि चपटे असतात की वरची जाड दळणाची रीत वापरली तर हाती काहीच लागत नाही. पीठ करून, पाण्यावर अगदी हळू धुऊन ते मिळवावे लागतात. तेव्हा नखाएवढी कपची खिशातून आणून वय विचारू नका. सिंकसाठी कापून काढलेला तुकडा ठेवा. 18 मिलिमीटर जाडीचा तो तुकडा 10 किलोच्या वर सहज भरतो आणि आतून ताजा असतो. दुकानदाराकडून खाणीचं गाव तेवढं लिहून घ्या.