बाई, तुम्हाला काहीच वाटले नाही?

माझ्या मुलीने भारताचे नागरिकत्व सोडून अमेरिकेचे घेतल्याचे कळल्यापासून हा प्रश्न मला कोथरूडच्या भाजी मंडईत, लग्नाच्या पंगतीत, माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात आणि सोसायटीच्या झेंडावंदनानंतरच्या चहाला इतक्या वेळा विचारला गेला आहे की, आता एकदाच लिहून उत्तर द्यावे म्हणते. ‘बाई, जन्मभर नागरिकशास्त्र शिकवलेत, पंधरा ऑगस्टची भाषणे आमच्याकडून पाठ करून घेतलीत, आणि तुमच्याच घरात हे? तुम्हाला काहीच वाटले नाही?’ माझ्या यजमानांना हे कोणी विचारत नाही. ते बँकेत होते. बँकवाल्याच्या मुलीने कुठलेही नागरिकत्व घेतले तरी चालत असावे.

शपथविधीच्या दिवशी मी न्यू जर्सीत त्या सभागृहातच होते. दारातच मुलीचे ग्रीन कार्ड, म्हणजे तिथे कायम राहण्याचा परवाना, काढून घेतले गेले, तिला पुढे बसवले आणि आम्हा पाहुण्यांना मागच्या रांगा दाखवल्या. मग एक अधिकारी देशांची नावे एकेक करून वाचू लागल्या. ज्याचा देश येईल त्याने उभे राहायचे. ‘इंडिया’ ऐकताच पुढे मुलगी उभी राहिली आणि मागे मीही उभी राहिले. यात नाटक काही नव्हते. देशाचे नाव पुकारले की उभे राहायचे ही शाळेतली सवय, डोक्याच्या आधी पायांनी निर्णय घेतला. शेजारच्या अनोळखी बाईंनी माझा पदर ओढला तेव्हा मी बसले. सगळ्यांनी उजवा हात वर केला आणि एका सुरात म्हटले की, आजवर ज्या परकीय सत्तेचे आम्ही नागरिक होतो तिच्यावरची सर्व निष्ठा आम्ही पूर्णपणे सोडत आहोत. कायद्याने भाग पडल्यास या देशासाठी शस्त्र हाती घेण्याचेही वचन त्यात होते. मला तिचा चेहरा दिसत नव्हता, फक्त पाठ आणि हात. शाळेत प्रतिज्ञा म्हणताना ती कोपर सैल सोडायची, म्हणून मी तिला रागावत असे. आज तो हात ताठ होता, आणि खरे सांगायचे तर मला तेच जास्त लागले.

बाहेर पडताना दोन स्वयंसेविका टेबल टाकून मतदार नोंदणीचे अर्ज घेऊन बसल्या होत्या. निवडणुकीच्या ड्यूटीवर मी वर्षानुवर्षे याद्या तपासल्या आहेत आणि लोकांच्या बोटांना शाई लावली आहे. असे टेबल मला लांबूनही ओळखू येते. जावई फोटोसाठी हाका मारत होते आणि मुलगी त्या टेबलावर वाकून अर्ज भरत होती. तुम्हाला हवे ते उत्तर हे असेल तर घ्या: मी स्वच्छतागृहात जाऊन रडले. पण तिने काही लाजिरवाणे केले, असा जो सूर तुमच्या प्रश्नात असतो, तो मी चालवून घेणार नाही.

गाडीत मी तिला विचारलेच की, नोकरी होती, घर होते, ग्रीन कार्डही होते, मग या शपथेवाचून काय अडले होते? ती म्हणाली, ‘आई, गोखले तूच शिकवायचीस ना?’ गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०२ साली कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना सरकारच्या शिलकीचे वाभाडे काढले होते, दुष्काळाने पिचलेल्या रयतेवर जादा कर लादून ही शिल्लक साठली आहे, असे सांगून. कर देणाऱ्याला राज्यकारभारात विचारले पाहिजे, हे मी त्या भाषणावरून मुलांच्या मनावर ठसवत असे. मुलीचे म्हणणे असे की, एका देशाच्या वाट्याला सात टक्क्यांहून अधिक ग्रीन कार्डे नाहीत, या नियमामुळे तिची उमेदीची वर्षे रांगेत गेली. त्या काळात तिने तिथे कर भरला आणि तिथे मत नव्हते. इथे परदेशस्थ भारतीयांना नाव नोंदवण्याची मुभा २०१० च्या दुरुस्तीने मिळाली, पण मत द्यायला स्वतः केंद्रावर यावे लागते, म्हणजे एका मतासाठी विमानाने पुणे गाठायचे. मी म्हटले, ‘गोखल्यांवर राज्य लादलेले होते, तू तिकीट काढून गेलीस.’ ‘म्हणून मत मागण्याचा हक्क गेला का?’ या तिच्या प्रश्नावर मला अजून धड उत्तर सापडलेले नाही, आणि तिचे म्हणणे पूर्ण पटलेलेही नाही.

नव्वदच्या दशकात वर्गात उभी राहून ‘शिकायचे इथे आणि राबायचे तिथे, ही कृतघ्नता आहे’ असे बजावणारी एक बाई होती, ती मीच. तिच्याशी माझे भांडण अजून मिटलेले नाही. ती विचारते की, सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयात तुझी मुलगी नाममात्र फीवर शिकली, उरलेला खर्च ज्यांच्या करातून झाला त्यांचे काय? मी म्हणते, त्यांचे देणे आहेच, पण ते पासपोर्टाच्या रंगाने फिटते असे कोणी ठरवले? इथेच राहून, इथलाच पासपोर्ट बाळगून ते देणे बुडवणारे मला चांगले ठाऊक आहेत. हा युक्तिवाद थोडा सोयीचा आहे, हे त्या बाईंच्या लक्षात येते आणि माझ्याही.

कोणी समजूत घालायला येतात की, देश म्हणजे माहेर, मुलगी सासरी गेली तरी माहेर तुटत नाही. हे मला मुळीच पटत नाही. सासरी गेलेल्या मुलीला माहेरावरची निष्ठा सोडल्याची शपथ कोणी घ्यायला लावत नाही. आणि आपला कायदाही भावनेवर चालत नाही: दुसरे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की आपले संपते, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर ये-जा करता येते पण मत देता येत नाही. जे गेले ते गेलेच आहे, त्याला गोड नाव देऊन मला बरे वाटत नाही.

स्वातंत्र्याचा धडा घेताना मी फाशी आणि तुरुंगापेक्षा १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीवर जास्त तास खर्च करीत असे. इंग्रजांच्या काळात शिक्षण, मालमत्ता आणि कर पाहून थोड्यांनाच मत होते. या निवडणुकीसाठी सतरा कोटींहून अधिक माणसांची यादी झाली. त्या यादीतून सुमारे २८ लाख बायकांची नावे गाळावी लागली, कारण नाव विचारल्यावर त्यांनी अमक्याची आई, तमक्याची बायको एवढेच सांगितले. मीही आज जाब देते आहे तो कुणाची तरी आई म्हणूनच. २०२२ या एका वर्षात २,२५,६२० भारतीयांनी नागरिकत्व सोडल्याचे सरकारने संसदेत सांगितले. आपल्या पुणे मतदारसंघात २०१९ च्या लोकसभेला निम्म्या मतदारांनीही मत दिले नाही, आणि त्यांना मात्र झेंडावंदनानंतर चहाच्या टेबलावर कोणी अडवत नाही. मतदानाच्या सुट्टीला लोणावळा गाठणाऱ्यांनी माझ्या मुलीचे देशप्रेम मोजू नये, एवढे म्हणण्याचा हक्क ज्या बाईने शाळेच्या बाकावर रात्र काढून पहाटे मतदान केंद्र उघडले आहे तिला असावा.

नागरिक झाल्यामुळे मुलीला आता आईवडिलांसाठी त्या लांबलचक रांगेशिवाय ग्रीन कार्ड मागता येते. तिने अर्जाचे कागद पाठवले आहेत. यजमानांचे मन अर्धे वळले आहे. मी नाही म्हटले. कारण विचारले तेव्हा सांगितले की, ते कार्ड घेतले तर वर्षाचा बराचसा काळ तिकडे राहावे लागेल आणि निवडणूक लागली की मला इथे असायचे असते. ‘एका मतासाठी?’ असे तिने विचारले. मी तिला त्या नोंदणीच्या टेबलाची आठवण करून दिली, तर ती म्हणाली की, ते वेगळे होते. कसे वेगळे, यावर आमचा फोन दर रविवारी लांबतो.