तुमचे गाणे तोडल्यासारखे का संपते?

तुम्ही विचारलेत म्हणून लिहितो. हा प्रश्न इतक्या जणांनी विचारला आहे की आता दर वेळी थोडे वेगळे आणि थोडे अधिक हुशार उत्तर देण्याचा मोह होऊ लागला आहे, आणि ते काही बरे लक्षण नव्हे. प्रश्न असा, की आमच्या तिघांच्या बँडने प्रसिद्ध केलेल्या ध्वनिमुद्रणात गाणे चांगले रंगात आलेले असताना एकदम थांबते. शेवटी तिहाई (एकच बोल तीनदा म्हणून किंवा वाजवून केलेला शेवट) नाही, धृपद परतून येत नाही, आवाज हळूहळू विरतही नाही. काही श्रोत्यांनी इंटरनेट गेले असे समजून मोबाइल हलवून पाहिला. धुळ्यातल्या एका मित्राने तर फाइल पूर्ण चढलेली नाही, असा प्रेमळ निरोप पाठवला.

समीक्षकांना मात्र नेमके हेच आवडले. गेल्या वर्षभरात आमच्यावर जे चार-दोन लेख आले, त्यांपैकी बहुतेकांत या तुटक शेवटाला धाडसी प्रयोग म्हटले आहे, आणि एकात तर त्याचा संबंध थेट आधुनिक माणसाच्या तुटलेपणाशी जोडला आहे. आम्हाला आनंद झाला नाही असे म्हणणे खोटे ठरेल. आईने ती कात्रणे एलआयसीच्या कागदांबरोबर ठेवली आहेत. पण त्या शेवटात आमचे धाडस फारसे नाही. (जाता जाता सांगतो, या प्रत्येक लेखात बहिणाबाई चौधरींचे नाव येतेच. त्यांच्याबद्दल आम्हाला अपार आदर आहे. पण त्यांची रचना लेवा गणबोलीतली आणि आमची बहुतेक गाणी अहिराणीतली, एवढा फरक तरी कोणी ध्यानात घ्यावा.)

आता उत्तर. आमच्या संग्रहातले पहिले गाणे कानबाईचे, म्हणजे आमच्या खान्देशातल्या देवीचे, आहे आणि ते माझ्या मोठीमायने, म्हणजे थोरल्या काकूंनी, गायले आहे. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. त्यासाठी घरातल्या प्रत्येकाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजून घेतात, त्या पिठाचे रोट होतात, रात्रभर गाणी चालतात आणि सोमवारी विसर्जन होते. आम्ही मोठीमायला मे महिन्यात, आमच्या सोयीने, हे गाणे म्हणण्याची विनंती केली होती. तिने साफ नकार दिला. देवी बसलेली नसताना तिचे गाणे म्हणायचे कशाला, हा तिचा प्रश्न होता आणि आमच्यापाशी त्याला उत्तर नव्हते. तेव्हा श्रावणापर्यंत थांबलो आणि त्या रात्री ओसरीवर, पितळी समईपासून हातभर अंतरावर, एक माइक ठेवून बसलो.

या गाण्याची रचना कागदावर मांडली तर फार साधी आहे. एक ओळ देवीची, आणि तिला जोडून घरातल्या एका माणसाचे नाव. पुन्हा तीच ओळ आणि पुढचे नाव. बायका एकसुरात म्हणत नाहीत. एकीची ओळ संपण्याआधी दुसरी सुरू करते, आणि त्या एकावर एक चढलेल्या आवाजांनाच लेखांत स्तरित ध्वनिरचना म्हटले आहे. आमच्या घरात तेव्हा सतरा माणसे होती. सतरावे नाव घेऊन झाले, मोठीमायने क्षणभर आजूबाजूला पाहून विचारले, “कोन्हं नाव ऱ्हायनं?” कोणाचेच राहिले नव्हते. मग ती “दूध उतू जाई ना” म्हणत पदर खोचून आत गेली. तेच गाण्याचा शेवट. दुधाचे ते वाक्य आम्ही कापले, याची मला अजून चुटपुट लागून आहे. तो सगळ्या संग्रहातला सर्वांत चांगला शेवट होता.

ज्याला अहिराणी कळते, त्याला ही शेवटची ओळ तोडल्यासारखी वाटत नाही, कारण आपण नावे ऐकतो आहोत आणि नावे संपली, हे त्याला कळते. २०११ च्या जनगणनेत अहिराणी जिच्यात मोजली जाते त्या खान्देशी भाषेच्या नावावर अठरा लाखांहून अधिक लोकांची नोंद आहे. तेव्हा हे गुपित फार थोड्यांना ठाऊक आहे असेही नाही. पण आमच्यावर लिहिणाऱ्यांपैकी कोणी त्यांतला नव्हता. त्यांना नावे ही निव्वळ नादाची अक्षरे वाटली.

दुसरे गाणे आखाजीचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाचे, झोक्यावरचे. ते आम्ही अमळनेरजवळच्या एका जिनिंगमध्ये मुद्रित केले. कापसाचा हंगाम संपला की जिनिंगचे शेड रिकामे पडते, भाडे लागत नाही आणि पत्र्याखाली आवाज असा घुमतो की तसा घुमारा यंत्रातून आणायला पुष्कळ पैसे मोजावे लागतील. अडचण अशी झाली, की बायका उभ्या राहून गायला लागल्या आणि दोन ओळींत अडकल्या. आम्ही कानात ठोके देणारे यंत्र लावून पाहिले, तर आणखीच गोंधळ झाला. शेवटी त्यांच्यातलीच एक म्हणाली, की झोका नाही तर गाणे कसे येईल? मग शेडच्या छताखालच्या लोखंडी कैचीला दोर टाकून झोका बांधला, आणि पाचव्या मिनिटाला गाणे लागले. दोराच्या करकरण्यातूनच लय येत होती. गाणे संपले ते झोका थांबला म्हणून, आणि झोका थांबला तो पुढचीला बसायचे होते म्हणून. त्या ध्वनिमुद्रणात मागे बारीक टकटक ऐकू येते. तिला एका लेखकाने संयत तालवाद्य म्हटले आहे. तो दिवसभर तापलेला पत्रा संध्याकाळी निवत होता.

इथे थोडे मागे जातो. गाणे नीट बांधून, ठरल्या वेळात, ठसठशीत शेवट करून संपवायचे, ही सवय आपल्याला लागली त्यात तबकडीचा मोठा वाटा आहे. १९०२ साली कलकत्त्यात गायिका गौहरजान यांचे ध्वनिमुद्रण झाले तेव्हा तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत होती. तासभर राग मांडणाऱ्या गाणाऱ्यांना त्या तीन मिनिटांत सुरुवात आणि शेवट दोन्ही बसवायचे होते. गौहरजान शेवटी इंग्रजीत स्वतःचे नाव सांगत, कारण तबकड्या जर्मनीत छापल्या जात आणि तिथल्या कामगारांना कोणती तबकडी कोणाची हे कळायला हवे होते. त्यांच्या गाण्याचाही शेवट नावानेच होत असे, हे लक्षात आले तेव्हा मला फार मौज वाटली. आता तबकडी गेली. ज्या ॲपवर आम्ही गाणी चढवतो, त्यांतल्या एका मोठ्या ॲपवर तीस सेकंद वाजले की ते ऐकले असे धरतात. म्हणजे आता शेवटाची फिकीर कोणालाच नाही. सगळी धडपड पहिल्या अर्ध्या मिनिटाची.

मात्र एका गाण्याच्या बाबतीत तुमचा आरोप खरा आहे आणि तो मी मान्य करतो. आमच्यातला एक जण साक्री तालुक्याच्या पश्चिम भागातला, कोकणा या आदिवासी समाजातला आहे, आणि तो थाळी वाजवतो. काशाच्या थाळीच्या मध्यभागी मेणाने एक बारीक काडी उभी चिकटवतात आणि दोन्ही हातांच्या बोटांनी ती आळीपाळीने वरून खाली ओढत राहतात. त्यातून अखंड घुमणारा सूर निघतो आणि त्या सुरावर रात्रभर कथा चालते. मेण उन्हाळ्यात सैल होते, म्हणून आम्ही थाळी माठाशेजारी ठेवत होतो. अशा रात्रभराच्या कथेतली नऊ मिनिटे आम्ही घेतली आहेत, आणि तिथे कात्री आमचीच आहे. कुठे कापायचे यावर दोन आठवडे वाद झाला. मी आवाज हळूहळू विरवत न्यावा असे म्हणत होतो, कारण ते शोभून दिसले असते. त्याने हरकत घेतली: आवाज विरला तर सांगणारा उठून लांब गेला असे वाटेल, आणि सांगणारा कधीच उठत नाही, ऐकणारा झोपतो. म्हणून ऐकणाऱ्याचा डोळा लागावा तसे, मध्येच, शब्दावर कापले. या एका शेवटाला प्रयोग म्हणायचे असेल तर माझी हरकत नाही. श्रेय मात्र त्याचे आहे.

लोक असेही म्हणतात, की मग मंचावर तरी नीट शेवट करा. मंचावर आमची अडचण वेगळीच असते. खान्देशात बँड म्हटले की लोक वरातीचा भाव विचारतात, त्यामुळे आम्ही इथे फारसे वाजवत नाही. आणि मोठ्या शहरात बोलावतात तेव्हा वीस मिनिटे देतात. एका महोत्सवात नावे घ्यायची ओळ सुरू असतानाच समोरचा लाल दिवा लागला आणि माइक बंद झाले. ढोलकी वाजवणारा आमचा गडी तसाच वाजवत राहिला. टाळ्या खूप पडल्या. ते गाणे खरोखर तोडलेले होते, पण त्या संध्याकाळी तो प्रश्न कोणीच विचारला नाही.

गेल्या श्रावणात पुन्हा कानबाई बसली. मधल्या काळात माझ्या चुलतभावाला मुलगी झाली होती, म्हणून गव्हाची एक सव्वा मूठ वाढली आणि मोठीमायने अठरावे नाव घेतले. दुसऱ्या दिवशी तिने माझ्या मोबाइलवर आमचे ध्वनिमुद्रण लावायला सांगितले, शेवटपर्यंत शांतपणे ऐकले आणि मग पोरीचे नाव कुठे आहे असे विचारले. ते जुने आहे, असे मी सांगितले. “मंग नवं कर,” ती म्हणाली. चौकशी केली तर कळले, की गाणे बदलायचे तर ते नव्याने चढवावे लागते आणि आजवर ऐकलेल्यांचे आकडे पुन्हा शून्यापासून मोजले जाण्याची शक्यता असते. बाकीच्या दोघांना विचारले. दोघेही चालेल म्हणाले. तेव्हा सध्या जे तुम्ही ऐकत आहात, ते एका नावाने अपुरे आहे.