आमची वाटचाल: गोराईच्या वाडीतले टर्की आणि दोन पानांचा करार

२०१४ ला गोराईला सासऱ्यांच्या वाडीत चार टर्की आणून सोडले तेव्हा डोक्यात धंदा वगैरे काही नव्हतं, नाताळला गोराई-मनोरीत मागणी असते म्हणून वाढवायचे आणि विकायचे एवढंच. पण त्यातला एक नर ब्राँझ होता, सकाळच्या उन्हात पिसारा फुलवून उभा राहिला की पाठीवर तांबूस, हिरवी, जांभळी झाक सरकत जायची आणि मी बोरिवलीची बोट चुकवून तिथेच बसायचो. रंगाचं वेड लागलं ते तिथून.

मग तामिळनाडू, केरळकडून बोर्बन रेड, स्लेट, नॅरागॅन्सेट अशा हेरिटेज जाती जमवल्या. म्हणजे हळू वाढणाऱ्या आणि आपली आपण जोडी लावणाऱ्या, कारण मोठ्या छातीचे पांढरे कमर्शियल पक्षी इतके जड होतात की त्यांना नैसर्गिक मेटिंगच जमत नाही. सात महिने सांभाळल्याशिवाय मादी अंडंच देत नाही, कोंबडीचं अंडं २१ दिवसात फुटतं तर याला २८ लागतात, आणि पिल्लं एवढी भोळी की समोर दाणा असून उपाशी मरतात, मग वरून पाला बारीक चिरून भुरभुरायचा, भांड्यात रंगीत गोट्या टाकायच्या, तेव्हा कुठे टोचायला लागतात. कोंबड्यांच्या जागेत तर अजिबात ठेवायचे नाहीत, त्यांच्या जंतांतून ब्लॅकहेड नावाचा रोग येतो, पहिल्या वर्षी आमचे अकरा पक्षी त्यातच गेले.

आता रंगाचं सांगतो. नॅरागॅन्सेट नर आणि ब्राँझ मादी लावली तर माद्या सगळ्या नॅरागॅन्सेट निघतात आणि नर सगळे ब्राँझ दिसतात पण आतून स्प्लिट, म्हणजे नॅरागॅन्सेट रंग आत दडलेला, नुसतं बघून मला पण ओळखता येत नाही. घेणारा पैसे देतो ते माझ्या शब्दावर. म्हणून २०१७ पासून प्रत्येक ब्रीडर, म्हणजे पैदाशीच्या पक्ष्याच्या, विक्रीला दोन पानांचा करार, मराठीत. पायातल्या रिंगचा नंबर, आई-बाप कोण, स्प्लिट असेल तर कशाचा, इसार किती, ताबा कधी, आणि दोन सीझनमधे करारात नसलेला रंग निघाला तर पक्षी परत, पैसे घ्यायचे की बदली हे गिऱ्हाईकाने ठरवायचं.

२०१९ ला कर्जतच्या एका काकांना ब्राँझचा ट्रायो दिला, एक नर दोन माद्या. पुढच्या सीझनला फोन, "भाऊ, तपकिरी पट्ट्यांच्या पिल्लांत एक पिवळं धमक निघालंय." ते पांढरं होणार हे मला लगेच कळलं. पांढरा रंग दबून राहतो, नर-मादी दोघांत असेल तरच बाहेर येतो, म्हणजे आमची अख्खी लाईनच, म्हणजे सगळं खानदानच, गडबडलेलं. ओळखीचा एक जण म्हणाला, सांग की तुमच्याकडे बाहेरचा नर शिरला असेल. बायकोने काही न बोलता कराराची फाईल आणून समोर ठेवली. लॉकडाऊन सुटल्या सुटल्या टेम्पो करून तिन्ही पक्षी आणले, पूर्ण पैसे दिले, आणि त्याच लाईनचे पक्षी नेलेल्या आणखी चार जणांना स्वतःहून फोन केले. त्या वर्षी हातात जवळजवळ काही उरलं नाही.

तेव्हापासून ब्राँझचा नर विकायच्या आधी पांढऱ्या माद्यांबरोबर लावून बघतो. स्प्लिट असेल तर साधारण निम्मी पिल्लं पिवळी, लागोपाठ दहा तपकिरी निघाली तर पास, कारण स्प्लिट नराची दहाच्या दहा तपकिरी निघायचा चान्स १०२४ मधे एक. माद्यांसाठी पांढरा नर आणि प्रत्येक मादीचं अंडं वेगळं, त्यावर पेन्सिलने रिंग नंबर. हे काम सासूबाईंचं, ट्रे मांडीवर घेऊन, चष्मा लावून, आणि एखाद्या अंड्याची शंका आली तर त्या ते सरळ स्वयंपाकघरात नेतात.

नाताळच्या आधी मोह होतोच. गेल्या डिसेंबरात एका पार्टीने सहा नर मागितले, दुप्पट भाव, रोख. त्यातल्या चारांचा मार्चसाठी इसार घेतलेला होता, नाही दिले, तीन महिने दाणा घातला आणि ठरल्या तारखेला ठरल्या भावात बोटीने बोरिवलीच्या जेट्टीवर पोचवले.

यंदा ब्राँझचे दोनच नर पास झालेत, त्यातला एक कर्जतच्या काकांचा, इसार परवाच देऊन गेले. स्लेटची टेस्ट अजून चालू आहे, त्यामुळे स्लेटचं बुकिंग सध्या घेत नाही.